मदत हवी आहे: मुलासाठी समुपदेशक, पुण्यात सिंहगड रोड किंवा कोथरूडच्या आसपास

नमस्कार. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतं. आधी आम्हाला नाटकच वाटलं, मी रागावलेही (आता वाईट वाटतं). बालरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी, रक्त, सगळं तपासलं, काही निघालं नाही. गंमत म्हणजे शनिवारी-रविवारी पोट अगदी ठणठणीत! रात्री मात्र दोनदा-तीनदा उठून मला हात लावून बघतो, मी आहे ना म्हणून.

शाळेत विचारलं तर 'लाडावलाय' एवढंच उत्तर. सासूबाईंनी दृष्ट काढली. त्यांच्या मायेबद्दल तक्रार नाही, पण नुसत्या मीठ-मोहऱ्यांनी भागेल असं वाटत नाही.

परवा रात्री न राहवून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन केला. सरकारी आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. त्या ताईंनी नीट ऐकून घेतलं आणि मुलाला प्रत्यक्ष दाखवा म्हणाल्या.

आता प्रश्न. आधी मानसोपचारतज्ज्ञ की बालमानसशास्त्रज्ञ? पहिले औषधं देतात, दुसरे चाचण्या-समुपदेशन, एवढंच कळतं मला. ससूनच्या मानसोपचार विभागात कुणी लहान मुलाला नेलंय का, किती वेळ जातो? खासगीत एका सेशनचे साधारण किती घेतात? आम्हा दोघांनाही शिकायचंय, सकाळी तो दाराशी रडत बसला की नेमकं काय बोलायचं, तर पालकांसोबतही बसणारं कुणी असेल तर फार बरं. संध्याकाळी सहानंतरची वेळ मिळाली तर उत्तम.

स्वतःचा अनुभव असेल तरच सांगा, प्लीज. नावं मेसेजमध्ये दिलीत तरी चालतील.