पांढरा वॉलपेपर लावायचाय, पण खोली दवाखान्यासारखी दिसायला नको!

मंडळी, मदत हवी आहे. झोपायच्या खोलीला पांढरा वॉलपेपर लावायचं ठरलंय. नमुन्याचा तुकडा भिंतीवर धरून पाहिला, तर जुना पोपटी रंग खालून चक्क डोकावतोय! आधी पांढरा प्रायमर मारावा, की जाड व्हिनाइलचाच घ्यावा? तो ओल्या फडक्याने पुसता येतो, पोरांचे हात बघता तेही बरंच. रोल ५३ सेंटीमीटर रुंद, म्हणजे सांधे भरपूर. तिरपं ऊन आलं की ते आणि भिंतीचे उंचवटे उठून दिसतील. उठावाच्या नक्षीने झाकले जातात का? शिवाय दुकानात शुभ्र वाटलेला तुकडा घरी ट्यूबलाइटखाली निळसर दिसतो. हस्तिदंती छटा घेऊ, की दिवेच बदलू?