प्रार्थनेत मनातलं जसंच्या तसं बोललं तर तो अविश्वास होतो का?

शांतवन

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. प्रार्थनेला बसलं की ओठांवर ठरलेली वाक्यं येतात: तुझी इच्छा पूर्ण होवो, तुझे उपकार मानतो. मनात मात्र भीती असते, कधी देवावर रागही असतो, आणि आमेन म्हणून उठताना तो तसाच बरोबर येतो. खरं बोलावं तर बायबलमधलं याकोबाचं पत्र १:६ आडवं येतं, शंका न धरता मागावं. फिलिप्पैकरांस ४:६ म्हणतं चिंता करू नका. अरण्यात कुरकुर करणाऱ्या इस्राएल लोकांना देवाने शिक्षा केली तेही ठाऊक आहे.

रागाने किंवा शंकेने भरलेली प्रार्थना देवाला चालते का? चालत असेल तर ती करायची कशी? "मन मोकळं करा" एवढ्यावर सोडू नका, नेमकं सांगा. आणखी एक: दहा मिनिटं सगळं बोलून झाल्यावर चिंता कमी होण्याऐवजी वाढते, ती का?

ओवीमागून_ओवी

कुरकुर आणि गाऱ्हाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही एकाच अध्यायात शेजारी शेजारी सापडतात. गणना ११ काढा. लोक आपापल्या डेऱ्याच्या दाराशी रडत बसले आहेत (११:१०). ते देवाविषयी बोलतात, देवाशी नाही. त्याच वेळी त्यांचा पुढारी मोशे देवाकडे जातो आणि लोकांपेक्षा कडक बोलतो: या लोकांना मी जन्म दिला का, हे ओझं मला पेलत नाही, असंच चालणार असेल तर मला मारून टाक (११:११-१५). त्याच्यावर देव रागावत नाही. ओझं वाटून घ्यायला ७० वडीलधारे पुढारी देतो (११:१६-१७). शब्दांची धार बघू नका, ते कोणाला उद्देशून आहेत ते बघा. ज्याच्यावर भरवसाच उरला नाही त्याच्याकडे माणूस गाऱ्हाणं घेऊन जात नाही.

याकोब १:६ वाचताना मागची ओवी, म्हणजे मागचं वचन, सोडू नये. तिथे विषय ज्ञान मागण्याचा आहे, आणि देव दोष न लावता देतो असं म्हटलं आहे. पुढे ज्याला द्विबुद्धीचा म्हटलंय (१:८) तो देवाकडे जावं की नाही यातच हेलकावे खाणारा माणूस. मार्क ९:२४ मधला आजारी मुलाचा बाप त्यातला नाही. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवायला मदत कर, असं तो दोन्ही एका श्वासात येशूला सांगतो, आणि त्याचा मुलगा बरा होतो.

फिलिप्पैकरांस ४:६ सुद्धा चिंता करू नका म्हणून थांबत नाही. प्रत्येक गोष्ट देवाला कळवा, उपकारस्तुतीसह, असं ते वाक्य पुढे जातं. सातव्या ओवीतलं वचन नीट पाहा: मागितलेलं मिळेल असं तिथे म्हटलेलं नाही, देवाची शांती अंतःकरण राखील असं म्हटलं आहे. मूळ ग्रीक शब्द पहारेकऱ्यांचा आहे. शांती पहारा देते, म्हणजे धोका अजून बाहेर उभा असू शकतो. पौलाने हे पत्र बंदिवासातून लिहिलंय हे विसरू नये.

सहा_ओव्या

पद्धत विचारलीत म्हणून सांगतो. स्तोत्र १३ घ्या, सहाच ओव्या आहेत आणि रचना उघड दिसते: १-२ गाऱ्हाणं, ३-४ मागणं, ५-६ भरवसा. प्रत्येकी दोन ओव्या. बारा मिनिटं बसणार असाल तर साधारण चार-चार मिनिटं धरा. बहुतेकांचं बिनसतं ते या वाटणीत. कोणी गाऱ्हाणं अर्ध्या मिनिटात उरकून भरवशाच्या वाक्यावर उडी मारतो, कोणी बाराही मिनिटं गाऱ्हाण्यातच घालवतो.

गाऱ्हाणं. "किती वेळ" हा प्रश्न पहिल्या दोन ओव्यांत चारदा येतो. पहिले दोन देवाबद्दल (विसरलास का, तोंड का लपवतोस), तिसरा स्वतःच्या मनातल्या दुःखाबद्दल, चौथा शत्रूबद्दल. तुम्हीही या तिन्ही दिशांना किमान एकेक वाक्य बोला: देवा, तुझ्याबद्दल मला असं वाटतंय, माझं आत असं चाललंय, त्या माणसाचं किंवा परिस्थितीचं असं आहे. देवाबद्दलचं वाक्यच बहुधा गाळलं जातं, आणि राग तिथेच अडकून राहतो.

मागणं. एकच आणि नेमकं. "सगळं नीट कर" यात देवाने ऐकलं की नाही हे तुम्हाला कधीच ओळखता येणार नाही. "उद्या त्यांच्याशी बोलताना माझा आवाज चढू देऊ नकोस" हे ओळखता येतं. जोडीला कारणही सांगा. दाविदाने सांगितलंय: नाहीतर मला मृत्यूची निद्रा लागेल, शत्रू म्हणेल मी जिंकलो.

भरवसा. इथे भावना निर्माण करायची नसते. देवाने पूर्वी केलेली एक गोष्ट नाव घेऊन आठवायची. स्तोत्र ७७ मध्ये कलाटणी मिळते ती अशा आठवणीनेच (७७:११). आणि एखाद्या दिवशी हे वाक्य आलंच नाही तर खोटं बोलू नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, शेवटी वळण नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि त्याची सुरुवात "माझ्या उद्धारक देवा" अशा हाकेने होते. "प्रभू, आज एवढंच" म्हणून आमेन म्हणा.

चिंता का वाढते? बोलता बोलता समोरचा निघून जातो, म्हणून. सुरुवात प्रार्थनेने होते आणि तिसऱ्या मिनिटाला आपण त्या माणसाशी मनातल्या मनात भांडत असतो किंवा उद्याचे बेत आखत असतो. तपासायची खूण सोपी आहे: शेवटच्या पाच वाक्यांत "तू" म्हणजे देव किती वेळा आला? एकदाही नसेल तर ती प्रार्थना राहिलेली नाही, चिंताच डोळे मिटून चालू आहे. उपाय म्हणजे हळू पण आवाज करून बोलणं, आणि प्रत्येक वाक्य "प्रभू" ने सुरू करणं. सुरुवातीला कृत्रिम वाटेल. तरी करा, कारण भरकटलेलं वाक्य त्या हाकेला जोडताच येत नाही आणि लगेच लक्षात येतं.

चिंता एखाद्या कागदावरच आली असेल, नोटीस असो, तपासणीचा अहवाल असो, तर यहूदाचा राजा हिज्कीया याच्यासारखं करा (२ राजे १९:१४-१९). त्याने धमकीचं पत्र वाचलं, मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरलं. शत्रूने जे केलं ते खरंच आहे असं त्याने कबूलही केलं, मग एक मागणी केली. कागद समोर ठेवा, एकदा वाचा, बोला, घडी घाला. प्रार्थनेच्या मध्येच पुन्हा वाचायला घेऊ नका.

मधली_बाकं

एक सावधगिरी. एकांतातला प्रामाणिकपणा जसाच्या तसा प्रार्थनासभेत नेऊ नये. स्तोत्र ७३ चा कवी देवाला सगळं सांगतो, पण १५ व्या ओवीत म्हणतो की हे असंच बाहेर बोललो असतो तर तुझ्या लेकरांचा घात केला असता. सभेत "मी घाबरलोय, माझ्यासाठी प्रार्थना करा" पुरे. दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी तर प्रार्थनेचा विषय म्हणूनही तिथे काढू नयेत.

शांतवन

मनापासून आभार. "तू" मोजायचं आजपासूनच सुरू करतो. दोन गोष्टी राहिल्या. तेच तेच रोज मागणं ही मत्तय ६:७ मधली व्यर्थ बडबड नव्हे का? आणि "तुझी इच्छा होवो" हे नेमकं कुठे म्हणायचं?

ओवीमागून_ओवी

मत्तय ६:७ त्या समजुतीला हात घालतं की शब्द जास्त झाले म्हणजे देव ऐकतो. पुन्हा मागण्याला तिथे मनाई नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने स्वतः तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली (मत्तय २६:४४). पौलाने शरीरातल्या काट्याबद्दल, म्हणजे आपल्या एका सततच्या त्रासाबद्दल, तीनदा विनंती केली, आणि काटा न निघता उत्तर मिळालं: माझी कृपा तुला पुरे (२ करिंथकरांस १२:८-९).

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मार्क १४:३६ मधला क्रम पाहा. अब्बा (बापा) ही हाक; तुला सर्व शक्य आहे; हा प्याला, म्हणजे येणारं दुःख, माझ्यापासून दूर कर; तरी माझ्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे. मागणं आधी, समर्पण नंतर. मागणं न बोलताच "तुझी इच्छा" म्हटलं तर देवाच्या हाती द्यायला आपण काही बाहेरच काढलेलं नसतं. बहुतेक वेळा ते नकार मिळण्याच्या भीतीने घातलेलं पांघरूण असतं. मत्तयात त्याच रात्रीची पहिली आणि दुसरी प्रार्थना शेजारी ठेवून वाचा (२६:३९, ४२). पहिलीत "शक्य असेल तर टळो", दुसरीत "टळणं शक्य नसेल तर तुझी इच्छा होवो". खुद्द येशूच्या त्या रात्रीच्या प्रार्थनेतही ते एका दमात झालेलं नाही, तर तुम्हाला आठवडे लागले म्हणून घाबरू नका.

सहा_ओव्या

रोजच्या मागण्यासाठी वही ठेवा. तारीख, मागणं एका वाक्यात, आणि समोर रुंद मोकळी जागा. महिन्यातून एकदा मागची पानं वाचा. जिथे उत्तर दिसतं तिथे तारीख घाला, नकार असेल तर तोही लिहा, मागणं बदललं असेल तर जुनं न खोडता खाली नवं लिहा.

अजून एक, कारण हे बऱ्याचदा नजरेतून सुटतं. प्रार्थना जड होण्याचं कारण नेहमी आध्यात्मिकच असतं असं नाही. एलीया संदेष्ट्याने मरण मागितलं तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला घातलं (१ राजे १९:४-८). देव बोलला तो त्यानंतर. रात्री उशिरा, उपाशी, थकलेल्या अवस्थेत मोठे प्रश्न काढू नका. तेव्हा दोन वाक्यं बोलून झोपा आणि सकाळी बसा. मरणाचे विचार वारंवार येत असतील तर प्रार्थना चालू ठेवून आजच डॉक्टरांना आणि विश्वासातल्या एका माणसाला सांगा.

वहीतली काही जागा कोरी राहील. ती भरण्यासाठी उत्तर जुळवून लिहू नका. कोरी ठेवा, आणि त्या ओळीपाशी आलात की पुन्हा मागा.