प्रागमध्ये एकटीने एक दिवस, काय बघू?

विश्रामबागवाली:
नमस्कार मंडळी, मी सांगलीची. पुढच्या महिन्यात कामासाठी झेक देशातल्या ब्रनोला जातेय, काम शुक्रवारी संपतंय आणि परतीचं विमान रविवारी प्रागवरून, म्हणजे शनिवार आख्खा माझा. पहिल्यांदाच देशाबाहेर आणि तेही एकटी, आई म्हणते हॉटेलातनं हलू नकोस, पण एवढं लांब जाऊन खोलीत कोण बसणार? व्हिडिओत एका दिवसात पंधरा ठिकाणं सांगतात, ते बघूनच दमले. शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. कोणी जाऊन आलंय का?

गावभागातला:
ताई, बिनधास्त जा. पंधरा ठिकाणं सोडा, नदीचे दोन काठ आणि मधला पूल एवढं धरा, दिवस पुरत नाही. मी एकटाच होतो, सकाळी सहालाच चार्ल्स ब्रिजवर गेलो, दहानंतर तिथं पाय ठेवायला जागा नसते. १३५७ साली बांधायला घेतलेला दगडी पूल, १६ कमानी, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे, आणि त्या वेळी वर फक्त मी आणि दोन झाडूवाले.
आता खास आपल्या माणसांसाठी सांगतो. जुन्या शहराच्या बाजूला पुलाला लागून काठाच्या भिंतीत एक दगडी तोंड बसवलंय, दाढीवाला माणूस, नाव ब्राडाच. पूर्वी लोक त्याच्यावरनं पुराचा अंदाज घ्यायचे, पाणी दाढीला लागलं की सामान आवरायचं. मी कठड्यावरनं वाकून बघितलं आणि अंगावर काटाच आला हो. आपल्याकडं पावसाळ्यात घरी फोन लावला की पहिला प्रश्न तोच ना, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट? ४० ला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला आमच्या घरात पाणी होतं, आणि इथं ऑगस्ट २००२ मध्ये व्लतावा नदी मेट्रोत शिरली होती. १८९० च्या पुरात तर चार्ल्स ब्रिजच्याच कमानी कोसळल्या होत्या. अर्धा तास तिथंच उभा होतो.

मिरजेची_मीरा:
वरच्या दादांना अनुमोदन, फक्त क्रम असा करा. पुलावरनं मागं येऊन ९ ला जुन्या चौकातलं घड्याळ, १४१० चं आहे आणि अजून चालतं, दर तासाला सांगाडा घंटा ओढतो आणि वर खिडक्यांतनं येशूचे शिष्य फिरतात. मग २२ नंबरच्या ट्रामने किल्ल्यावर, उतरताना चालत या, चढ वाचतो. वरचं सेंट व्हिटस चर्च १३४४ ला सुरू झालं आणि पूर्ण झालं १९२९ ला, आत रंगीत काचांतनं ऊन खांबांवर पडतं ते निवांत बघा.
कागदी तिकीट घेतलंत तर पिवळ्या मशीनमध्ये छापून घ्या, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड, माझ्या मैत्रिणीला बसलाय. तिथं युरो नाही, कोरुना चालतो, रस्त्यावर कोणी पैसे बदलून देतो म्हणाला तर पुढं चला.
खाण्याचं नीट ऐका. शाकाहारी म्हणून तळलेलं चीज पुढं करतात, पण त्याच्या आवरणात अंडं असतं, बटाट्याच्या धिरड्यातही. भडंग आणि शेंगांची चटणी न्या, पेढे मात्र नको, युरोपात बाहेरनं दुधाचं काही न्यायला बंदी आहे.

विश्रामबागवाली:
दोघांचे मनापासून आभार. दाढीवाल्याचं आईला वाचून दाखवलं, तिनं लगेच विचारलं, त्याच्या दाढीपर्यंत म्हणजे किती फूट? फोटो काढून पाठवणार तिला. भडंग दोन किलो बांधायला सांगितलंय.