नाशिकहून जर्मन शिकायला जर्मनीत जायचंय, स्कॉलरशिप आपल्यासारख्यांना मिळते का?

गोदाकाठ_२१

नमस्कार मंडळी. मी एस.वाय.बी.कॉमला आहे, कॉलेज गंगापूर रोडला. अकरावीत सेकंड लँग्वेज म्हणून जर्मन घेतलं ते मार्क पडतात म्हणून, वर्गातले सगळेच घेत होते, पण मला ते मनापासून आवडायला लागलं आणि बारावीनंतर बाकीच्यांनी सोडलं तरी मी क्लास लावून चालूच ठेवलं. ए-वन, ए-टू (जर्मनच्या पहिल्या दोन पातळ्या, पुढे बी-वन, बी-टू, सी-वन अशा चढत जातात) दोन्ही परीक्षा पुण्याला मॅक्सम्युलर भवनात दिल्या, आता बी-वनची तयारी चालू आहे. मला पुढे जर्मन भाषाच शिकायचीय, म्हणजे जर्मन येतं म्हणून इंजिनिअरिंग करायला जायचं असं नाही, भाषाच. घरी हे सांगितल्यावर सगळे म्हणतात स्कॉलरशिप फक्त इंजिनिअर आणि पीएचडीवाल्यांना मिळते, भाषा शिकायला कोण पैसे देणार. बाबा अंबडला एका वर्कशॉपमध्ये आहेत, सुपरवायझर, लाखो रुपये घालणं शक्य नाही आणि मला त्यांना कर्जात टाकायचंही नाही.

त्यात इथल्या एका क्लासवाल्यांनी सांगितलं की ४५ हजार भरा, आम्ही स्कॉलरशिपचा फॉर्म भरून देतो, नक्की होतं. आईला वाटतंय भरून टाकावेत. मला काही ते पटत नाहीये पण दुसरं कुणाला विचारावं तेही कळत नाही. इथे कुणी नाशिकहून गेलेलं आहे का? काय लागतं, कधी भरायचं, बी.कॉमवाल्यांना चान्स आहे का, जे माहिती असेल ते प्लीज सांगा.

निफाडची_लेक

आधी ते ४५ हजार. भरू नकोस, आईंना माझं नाव सांग. डाड (DAAD), म्हणजे या स्कॉलरशिप देणारी जर्मन संस्था, तिच्या अर्जाला एक रुपयाही फी नाही, त्यांच्या पोर्टलवर स्वतःचं अकाउंट काढून स्वतःच भरायचा असतो, आणि "नक्की होतं" असं कुणी म्हणूच शकत नाही कारण निवड करणारी कमिटी त्यांची असते. माझ्या मैत्रिणीने दुसऱ्या एका ठिकाणी असेच पैसे भरले होते, तिला जे पत्र लिहून दिलं तेच शब्दन् शब्द अजून दोघींना दिलेलं निघालं. तिघींनाही नकार आला.

आता तुझ्या मूळ प्रश्नावर येते. भाषा शिकायलाही स्कॉलरशिप मिळते. डाड ही जर्मन सरकारच्या पैशांवर चालणारी संस्था आहे, १९२५ पासूनची, आणि त्यांची युनिव्हर्सिटी समर कोर्सची स्कॉलरशिप भाषेसाठीच असते, जर्मनीतल्या एखाद्या विद्यापीठात साधारण तीन-चार आठवडे. कुठल्याही शाखेची मुलं भरू शकतात. बी-वन तरी हवं आणि कोर्स सुरू होईपर्यंत डिग्रीची दोन वर्षं पूर्ण झालेली हवीत, म्हणजे तू आत्ता एस.वायला आहेस तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बरोबर बसतेस. फॉर्म मात्र आदल्या हिवाळ्यातच भरावा लागतो, इथेच खूप जण चुकतात, मे महिन्यात शोधायला लागतात तेव्हा सगळं संपलेलं असतं. त्यांच्या स्कॉलरशिप डेटाबेसमध्ये देश भारत निवडून आजच बघ, यंदा काय काय उघडं आहे आणि शेवटची तारीख कुठली. पैसे एकरकमी मिळतात, कोर्सची फी, राहणं, जेवण त्यातच बसवायचं, थोडे घरचे लागतात हे बाबांना आधीच सांगून ठेव.

मला स्वतःला दुसऱ्या वेळी मिळाली. पहिल्या वर्षी का गेली ते सांगते, कारण सगळा खेळ मोटिव्हेशन लेटरचा आहे, म्हणजे हा कोर्स तुला का हवाय ते सांगणारं अर्जासोबतचं पत्र. मी लिहिलं होतं, जर्मनी हा कवींचा आणि विचारवंतांचा देश, मला लहानपणापासून जर्मन संस्कृतीची ओढ आहे वगैरे. ते खोटं होतं गं. लहानपणी मला जर्मनी नकाशावर दाखवता आलं नसतं. आणि वाचणाऱ्याला त्यातून माझ्याबद्दल काहीच कळलं नाही, तेच पत्र कुणीही कुठूनही लिहू शकलं असतं.

दुसऱ्या वर्षी मी आमच्या पॅकहाऊसबद्दल लिहिलं. काकांची द्राक्षं युरोपात जातात, फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे बायका रात्री दहापर्यंत पनेट भरत बसतात, अर्धा किलोचा एकेक डबा, आणि त्यावर चिकटवायची लेबलं आलेली असतात. ए-वन संपलं त्या सीझनला मी पहिल्यांदा ते लेबल वाचलं, टाफेलट्राउबेन, केर्नलोस. खायची द्राक्षं, बिनबियांची. सात-आठ वर्षं ती लेबलं आमच्या हातातून जात होती आणि घरात एकालाही त्यावर काय लिहिलंय ते माहीत नव्हतं, कंटेनर नाकारला गेला तरी का नाकारला ते एक्स्पोर्टर सांगेल तेवढंच कळायचं. मी लिहिलं की मला तिकडच्या खरेदीदाराचं मेल स्वतः वाचायचंय, रेसिड्यू रिपोर्टवर, म्हणजे फळावर फवारणीचं औषध किती उरलंय त्या तपासणीवर, स्वतः उत्तर द्यायचंय, म्हणून मला तुमच्या यादीतला अमुक विद्यापीठाचा विर्टशाफ्ट्सडॉइचचा, म्हणजे व्यापारातल्या जर्मनचा कोर्स हवाय. एवढंच. दीड पान. मिळाली.

तुझे बाबा अंबडला वर्कशॉपमध्ये आहेत म्हणतेस ना, तिथे काहीतरी नक्की सापडेल, विचार त्यांना.

सातपूर_ते_येना

निफाडच्या ताईंनी समर कोर्सचं सगळं सांगितलंच आहे, मी पुढचं सांगतो. मी मूळचा सातपूरचा, सध्या जर्मनीत येनाला एम.ए. करतोय, विषय डॉइच आल्स फ्रेम्डश्प्राखे, म्हणजे परकी भाषा म्हणून जर्मन शिकवायचं कसं. सगळे त्याला डाफ म्हणतात. लाइपझिगला हेर्डर इन्स्टिट्यूटमध्येही हाच विषय आहे, खूप नावाजलेलं आहे ते.

बी.कॉमचं स्पष्ट सांगतो, नुसत्या बी.कॉमवर डाफला किंवा गेर्मानिस्टीकला, म्हणजे जर्मन भाषा-साहित्याच्या अभ्यासाला, प्रवेश अवघड आहे, त्यांना बॅचलरमध्ये भाषेचे विषय दिसायला हवे असतात. पण रस्ता बंद नाहीये. मी स्वतः बी.एस्सी. आहे. मी आधी पुण्याला एम.ए. जर्मन केलं, पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रोडला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, माझ्या वर्गात बी.कॉमवाले होते, एक आर्किटेक्टही होती. तोपर्यंत बी-टू कर, सी-वनकडे जा, म्हणजे पुढचा अर्ज मजबूत होतो. दोन वर्षं जास्त जातात, पण ती वाया जात नाहीत, त्याच काळात मी शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या आणि तो अनुभव मला इथे अर्जात सगळ्यात जास्त कामाला आला.

पैशांचं म्हणशील तर एक गोष्ट आपल्याकडे लोकांच्या लक्षातच येत नाही. इथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फीच नाही, सेमिस्टरला काही शे युरो भरायचे, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पासही येतो. अपवाद आहेत, बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे. म्हणजे फीमाफी हीच अर्धी स्कॉलरशिप समज. अडतं ते ब्लॉक्ड अकाउंटला, वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात दाखवावे लागतात, रुपयांत ११ लाखांच्या वर जातं. ते पैसे कुणाला द्यायचे नसतात, दर महिन्याला ९९२ युरो तुझेच तुला परत मिळतात, पण सुरुवातीला उभे करावे लागतात. पूर्ण स्कॉलरशिप असेल तर त्या पत्रावरच व्हिसा होतो, ब्लॉक्ड अकाउंट लागत नाही, म्हणून डाडची मास्टर्सची किंवा हाइनरिश ब्योल, फ्रीडरिश एबर्ट असल्या फाउंडेशनची स्कॉलरशिप लागली तर घरावरचा भार एकदम उतरतो. या फाउंडेशन नुसते मार्क बघत नाहीत, समाजात तू काय करतेस ते बघतात, आणि जर्मन चांगलं लागतं. इथे आल्यावर डॉइचलांडश्टिपेंडियम असतं, महिना ३०० युरो, विद्यापीठच देतं, कुठल्या देशाची आहेस याची अट नाही.

आपल्या राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्याही आहेत, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची अनुसूचित जातींसाठी, सारथीची मराठा समाजासाठी, इतर प्रवर्गांच्या वेगळ्या. तुला जी लागू असेल ती बघ, पण त्यात जागतिक रँकिंगची अट असते, आणि भाषेसाठी उत्तम असलेली आमच्या येनासारखी विद्यापीठं त्या यादीत बसतीलच असं नाही. विद्यापीठ ठरवायच्या आधी अट वाच, नंतर नको.

आणि मार्क सांभाळ. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपला सीजीपीए ते असा बदलतात: दहातून तुझा सीजीपीए वजा कर, त्याला सहाने भाग, तीनने गुण, एक मिळव. ८.२ असेल तर १.९ येतो, चांगला आहे. ७ चा २.५ होतो. टी.वायला जर्मनच्या नादात अकाउंट्सकडे दुर्लक्ष करू नकोस, मी बी.एस्सी.ला केलं आणि ते मला दोन ठिकाणी नडलं.

डिग्रीसाठी निघताना एपीएस सर्टिफिकेटही लागेल, म्हणजे आपली कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं झालंय, १८ हजार रुपये आणि बरेच आठवडे जातात. ती पुढची गोष्ट आहे, आत्ता फक्त सगळ्या मार्कशीट नीट जपून ठेव.

जर्मनच्या_बाई

मी नाशिकमध्येच शिकवते, १४ वर्षं झाली. बाळा, रेकमेंडेशन लेटरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. मुलं आदल्या रात्री येतात आणि म्हणतात मॅडम उद्या शेवटची तारीख आहे, दोन ओळी द्या. दोन ओळींत मी काय लिहिणार, मुलगी हुशार आणि वक्तशीर आहे? महिनाभर आधी शिक्षकांना भेट, स्वतःचा लेबेन्सलाउफ, म्हणजे बायोडेटा, आणि पत्राचा कच्चा मसुदा घेऊन जा, म्हणजे त्यांना तुझ्याबद्दल खरं काहीतरी लिहिता येईल. मागच्या वर्षी एका मुलीसाठी मी लिहिलं होतं की ती पावसात सिन्नरहून यायची आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी बाकावर बसून मागच्या निबंधातल्या चुका हिरव्या पेनाने पुन्हा लिहायची. हे मी लिहू शकले कारण ती मला भेटत राहिली.

बी-वनचं, चार भाग असतात, लेसेन, ह्योरेन, श्रायबेन, श्प्रेखेन (वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं), प्रत्येकात वेगवेगळे ६० गुण लागतात. एक राहिला तर तेवढाच परत देता येतो, त्यामुळे घाबरून पुढे ढकलू नकोस. आपल्या नाशिकच्या मुलांचं श्प्रेखेन जातं, कारण बोलायला कुणी नसतं. तिथे जोडीदाराबरोबर मिळून एक बेत ठरवायचा असतो, मग छोटं प्रेझेंटेशन. मैत्रिणीबरोबर रोज पंधरा मिनिटं बोल, चुकलं तरी चालेल. आणि परीक्षेला त्याच दिवशी पहाटे ठक्कर बाजारहून निघून जाऊ नकोस, संगमनेरच्या अलीकडे गाडी बंद पडून माझ्या दोन मुलांचा पेपर गेलाय. आदल्या दिवशी जा, नातेवाइकांकडे मुक्काम कर.

गोदाकाठ_२१

तुम्हा सगळ्यांचे खूप खूप आभार, ताई, दादा, मॅडम. आईला हे सगळं वाचून दाखवलं, ते पैसे भरायचे नाहीत असं ठरलं.

आणि ताई, मी बाबांना विचारलं. ते काही न बोलता उठले आणि कपाटातून एक जुनं ड्रॉइंग काढून आणलं, घडी पडलेलं, कडेला तेलाचे डाग. एका जर्मन कंपनीच्या कामाचं होतं. कोपऱ्यातल्या चौकटीत मासश्टाब, वेर्कश्टोफ, ओबरफ्लेशे असं लिहिलेलं, आणि प्रत्येक शब्दाखाली बाबांनी पेन्सिलने मराठीत लिहून ठेवलंय, प्रमाण, मटेरियल, फिनिश. म्हणाले साहेबांना प्रत्येक वेळी विचारायला लाज वाटायची म्हणून पाठ केले होते. मी इतकी वर्षं घरात जर्मन शिकतेय आणि त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी पत्र तिथूनच सुरू केलंय.

शनिवारी सरांना रेकमेंडेशनसाठी भेटते. एकच विचारायचंय, पत्र जर्मनमध्ये लिहू की इंग्रजीत? माझं जर्मन अजून तेवढं सफाईदार नाहीये.

निफाडची_लेक

जर्मनमध्ये. भाषेच्या कोर्सला अर्ज करतेयस, त्यांना तुझं आत्ताचं जर्मन बघायचंय, साधी छोटी वाक्यं चालतात. बाईंकडून किंवा सरांकडून विभक्त्या तेवढ्या तपासून घे, वाक्यं बदलू देऊ नकोस. आणि ते पेन्सिलचे शब्द जसेच्या तसे घाल पत्रात, तिन्ही.