लॉग फाइल ठरलेल्या साइजपेक्षा मोठी होते, फिक्स पाठवायचा आहे

सातपूरकर:
नमस्कार मंडळी. लासलगावला कांद्याच्या लिलावाच्या पावत्या करणारा एक पायथन प्रोग्रॅम आहे. लॉग मराठीत, कारण वाचणारे मुनीम. एकेका मेसेजमध्ये अख्खी पावती असते, दीड-दोन हजार कॅरेक्टरची. फाइलची मर्यादा २०,००० बाइट ठेवली आहे, त्याहून मोठी फाइल पलीकडची सिस्टिम घेत नाही. तरी अधूनमधून २३ हजारांची फाइल बनते. वापरतो ती ओपन सोर्स लॉगिंग लायब्ररी छोटी आहे. तिच्या कोडमध्ये फाइल बदलायची की नाही हे ठरवताना स्ट्रीम.टेल() (फाइलमध्ये आतापर्यंतचे बाइट) मध्ये लेन(मेसेज) (मेसेजची लांबी) मिळवलंय. घोळ इथेच आहे ना? आणि पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) पाठवायची तर सुरुवात कुठून करू? (फंक्शनांची नावं देवनागरीत लिहिलीत, मूळ स्पेलिंग तुम्हाला माहीतच आहेत.)

मर्ज_मिसळ:
हो, तिथेच. लेन() कोड पॉइंट (युनिकोडमधली एकेक खूण, काना-वेलांटीसुद्धा वेगळी) मोजतं, बाइट नाही. ‘नाशिक’ हा शब्द आपल्या लेखी तीन अक्षरं, पायथनच्या लेखी पाच आणि यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरांचे बाइट करायच्या पद्धतीत) डिस्कवर पंधरा बाइट. पायथनच्या स्वतःच्या रोटेटिंगफाइलहँडलरमध्येही (मर्यादा आली की लॉग फाइल बदलणारा भाग) हिशेब असाच आहे, त्यामुळे लायब्ररीवाल्यांना एकट्यांना बोल लावू नका.

पण इश्यू (लायब्ररीच्या पानावरची तक्रार) लिहिताना ‘फाइल तिप्पट होते’ असं काही लिहू नका. टेल() खरे बाइट देतं, म्हणून चूक साचत जात नाही. ती फक्त शेवटच्या मेसेजपुरती असते. दोन हजार कॅरेक्टरच्या पावतीला जास्तीत जास्त चारेक हजार बाइटची चूक. तुमचे २३ हजार त्यात बसतात.

आधी जुने इश्यू शोधा, बंद झालेलेसुद्धा. नसेल तर दहा ओळींचं चालणारं उदाहरण, पायथनची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि एन्कोडिंग देऊन इश्यू उघडा. मेंटेनरने (लायब्ररी सांभाळणाऱ्याने) होकार दिला की मग फोर्क (गिटहबवर आपली प्रत), क्लोन (ती आपल्या मशीनवर उतरवणं), मूळ रेपो ‘अपस्ट्रीम’ नावाने रिमोट म्हणून जोडणं, वेगळी ब्रांच, व्हेन्व्ह (पायथनचं वेगळं वातावरण), आणि पिप इन्स्टॉल डॅश ई डॉट (कोड बदलला की लगेच लागू होईल अशी लायब्ररी बसवणं). डेव्हलपमेंटची पॅकेजेस कोणत्या नावाने आहेत ते कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये बघा. एका ओळीला हात लावण्याआधी सगळ्या टेस्ट एकदा चालवा. आधीपासून फेल होणाऱ्या दोन टेस्ट नंतर आपल्या नावावर नकोत.

पंचवटी_पायटेस्ट:
टेस्टचे आकडे जपून निवडा. समजा मर्यादा १०० बाइट आणि मेसेज ‘नाशिक’. न्यूलाइन धरून प्रत्येक ओळ १६ बाइट. पाच ओळींनंतर ८० होतात. जुना कोड ८० + ६ = ८६ धरतो आणि सहावी लिहितो, फाइल ९६. पुढच्या वेळी ९६ + ६ = १०२, म्हणून फाइल बदलतो. म्हणजे चुकीचा कोडही पास!

त्याऐवजी ‘नाशिक’ दहा वेळा जोडा. एक ओळ १५१ बाइट, मर्यादा ४००. दोन ओळींनंतर ३०२. जुना कोड ३०२ + ५१ = ३५३ धरून तिसरी लिहितो आणि फाइल ४५३ वर जाते. बरोबर कोड तिथेच नवी फाइल उघडेल. ही टेस्ट आधी जुन्या कोडवर चालवून लाल झालेली बघा, मगच फिक्स लिहा. फाइल पायटेस्टच्या टीएमपी_पाथ फिक्श्चरमध्ये (टेस्टपुरत्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये) बनवा आणि एन्कोडिंग स्पष्ट लिहून द्या. नाहीतर विंडोजवर सीपी१२५२ (देवनागरी नसलेलं जुनं एन्कोडिंग) लागलं तर मराठी ओळ लिहितानाच युनिकोडएन्कोडएरर येईल.

सातपूरकर:
आकडे करून पाहिले, जुन्या कोडवर ४५३ च येतात. फिक्स असा करतोय: लेन(मेसेज.एन्कोड(‘यूटीएफ-८’)). इंग्रजी लॉगवाल्यांना भुर्दंड नको म्हणून आधी मेसेज.इझअॅस्की() तपासून खरं असेल तर नुसतं लेन(). बरोबर?

गोदाकाठ:
दोन्हीत गडबड आहे.

यूटीएफ-८ ठोकून देऊ नका. उघडलेल्या फाइलचं स्ट्रीम.एन्कोडिंग आणि स्ट्रीम.एरर्स (एन्कोड न होणाऱ्या अक्षराचं काय करायचं ते) घ्या. वापरणाऱ्याने एन्कोडिंग दिलंच नसेल तर हँडलरकडे नन (रिकामं मूल्य) असू शकतं, स्ट्रीमकडे खरं नाव असतं. एरर्स विसरलात आणि मेसेजमध्ये सुटा सरोगेट (जोडीशिवाय आलेला, एन्कोड न होणारा कोड पॉइंट) आला, तर आजवर ‘रिप्लेस’वर निभावलेला लॉग साइज मोजतानाच कोसळेल. आणि फाइल उशिरा उघडायची सोय लायब्ररीत असेल तर स्ट्रीम अजून नन असू शकते, ते आधी बघा.

इझअॅस्की() वेगवान आहे, सीपायथनमध्ये ती खूण स्ट्रिंगसोबतच साठवलेली असते. पण यूटीएफ-१६ मध्ये इंग्रजी अक्षरालाही दोन बाइट लागतात. तेव्हा शॉर्टकट फक्त यूटीएफ-८, अॅस्की, लॅटिन-१ अशा एन्कोडिंगला. यूटीएफ-१६ आणि यूटीएफ-८-सिगमध्ये एन्कोड() दरवेळी सुरुवातीचा बीओएम (एन्कोडिंग ओळखायची खूण) मोजेल, अनुक्रमे दोन आणि तीन बाइट जादा. ते चालेल, फाइल किंचित आधी बदलेल एवढंच.

विंडोजवर प्रत्येक न्यूलाइनचे दोन बाइट होतात. चाळीस ओळींच्या पावतीला चाळीस बाइट, म्हणून मोजण्याआधी न्यूलाइनच्या जागी ओएस.लाइनसेप (त्या सिस्टिमची ओळ संपल्याची खूण) घाला.

मर्ज_मिसळ:
आणि एडिटरचा ऑटो-फॉरमॅट बंद ठेवा. आठ ओळींच्या फिक्ससोबत तीनशे ओळींचा डिफ (बदललेल्या ओळींची यादी) आला की कोणी वाचत नाही. प्री-कमिट (कमिटआधी आपोआप चालणाऱ्या तपासण्या) असेल तर तेवढंच चालवा, चेंजलॉगमध्ये एक ओळ टाका. एकटा मेसेजच मर्यादेपेक्षा मोठा असेल तर फाइल तरीही मोठी होणार, हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहा.

पहिलीच पुल रिक्वेस्ट असेल तर गिटहबवर तपासण्या अडकलेल्या दिसतील. मेंटेनरने मंजुरी देईपर्यंत त्या सुरू होत नाहीत, तुमचं काही चुकलेलं नसतं. रिकामे कमिट ढकलत बसू नका.

सातपूरकर:
यूटीएफ-१६ ची टेस्ट वेगळी लिहितो. इश्यू आज टाकतोय, आकडे ४०० आणि ४५३ चेच देतो.