नव्या ग्राफिक्स कार्डासाठी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कसा निवडलात? तुमचे अनुभव लिहा

सुरुवात मी करतो. भाचीसाठी आरटीएक्स 3060 घेतलं. कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस '450 वॅट'चा, म्हणून निर्धास्त होतो. गेम सुरू केला की दहा मिनिटांत पीसी बंद! रॅम बदलून पाहिली, विंडोज नव्याने टाकलं. दोन आठवडे गेले. शेवटी कॅबिनेट खोलून एसएमपीएस बाहेर काढला आणि स्टिकर नीट वाचला. 12 व्होल्टच्या रकान्यात फक्त 18 अँपिअर. म्हणजे 216 वॅट. कार्ड एकटंच 170 घेतं, प्रोसेसर 65. बाकीचे वॅट 3.3 आणि 5 व्होल्टवर दाखवलेले, आणि कार्ड तर जवळपास सगळी वीज 12 व्होल्टवरून ओढतं. आता 550 वॅटचा आहे, 12 व्होल्टवर 45 अँपिअर. त्यानंतर एकदाही बंद पडलेला नाही.

तुमच्याकडे काय झालं? कार्ड, एसएमपीएस आणि स्टिकरवरचे आकडे नक्की लिहा.

*

माझं उलट. आरटीएक्स 3080 आणि 650 वॅटचा, 'गोल्ड' शिक्क्याचा चांगला एसएमपीएस. स्टिकर उत्तम, तरी रेंडर करताना मधूनच पीसी रीस्टार्ट. कार्डाचे 320 वॅट ही सरासरी. मिलिसेकंदापुरतं ते त्याच्या बरंच वर उसळतं आणि एसएमपीएसचं संरक्षण त्याला बंद करतं. कंपनीची शिफारस 750 ची होती, ती मी जास्तीची समजून सोडून दिली. 'गोल्ड' म्हणजे दणकट, असंही वाटायचं. तो शिक्का फक्त भिंतीतून घेतलेली वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. आता घेणाऱ्यांनी एटीएक्स 3.0 किंवा त्यापुढचा पाहावा. 2022 च्या त्या मानकात अशा क्षणिक उसळ्या झेलण्याची अट आहे.

आणि एक. कार्डावर वीज घ्यायला 8 पिनची दोन सॉकेट असतील तर दोन वेगळ्या केबल लावा. एकाच केबलला दोन तोंडं असतात, ती अशा कार्डाला लावू नका. माझी केबल हाताला गरम लागायची.

*

मी डिझाइनची विद्यार्थिनी. ऑफिसातून निघालेला जुना ब्रँडेड पीसी घेतला, एसएमपीएस 240 वॅट, मदरबोर्डचा कनेक्टरही नेहमीचा नाही, त्यामुळे बाजारातला दुसरा बसेना. मग वेगळी केबल न लागणारं जीटीएक्स 1650 शोधलं. ते मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या 75 वॅटवर चालतं. माझ्या कामाला पुरतं.

*

मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसवाल्यांनो, हात जोडून सांगतो, जुन्या केबल नव्याला लावू नका. कार्डाकडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडच्या पिनांची जुळणी प्रत्येकाची वेगळी. कंटाळा करून मी हार्ड डिस्कला वीज देणारी जुनीच साटा केबल ठेवली आणि बटण दाबताच हार्ड डिस्क गेली. वडिलांचे शेवटचे फोटो तिच्यात होते.

*

वरचं वाचून वाईट वाटलं.

आमच्याकडे वीज जाते, म्हणून यूपीएसचं लिहिते. 600 व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण 360 वॅट. नवं कार्ड पूर्ण जोरात असताना लाइट गेली की तो शिट्टी मारून लगेच बंद. एसएमपीएस वाढवला तरी यूपीएस तोच राहिला होता. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. आमच्या जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट होतं, मागे अर्थिंगची वायरच नव्हती.

*

माझा प्रश्न: 500 वॅट, 12 व्होल्टवर 38 अँपिअर. आरटीएक्स 4060 घ्यायचंय, प्रोसेसर 65 वॅटचा. चालेल का?

*

38 गुणिले 12 म्हणजे 456 वॅट. तुमचं कार्ड 115 चं. शिफारस 550 ची आहे, पण आकड्यांनुसार बरीच जागा उरते. एसएमपीएस किती वर्षं वापरलाय, आणि त्यातून 8 पिनची केबल स्वतःची निघते की मोलेक्सचा (जुन्या 4 पिनच्या कनेक्टरचा) जोड लावावा लागेल? स्टिकरचा आणि केबलचा फोटो टाका, मग सांगतो.