“परीक्षेच्या तोंडावरच का?” याला परीक्षा विभागातून उत्तर

टेबल क्रमांक चार

काल एका पालकांनी लिहिलं होतं: “कॉलेजातल्या शिक्षकेतरांची पुन्हा आंदोलनाची भाषा सुरू. कायमची नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार, खिडकी साडेबाराला बंद, आणि वर परीक्षेच्या तोंडावर पोरांना वेठीस धरायचं. घरी बसवा यांना. एजन्सीची पोरं निम्म्या पैशात हेच काम करतील.” रात्री दोनदा वाचलं. झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

परीक्षा विभागात माझी पंचवीस वर्षं झाली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, आज वरिष्ठ लिपिक आहे. एवढ्या वर्षांत एकच पायरी, कारण वरची जागा रिकामी झाली की ती भरायचीच नाही असा शिरस्ता झालाय. अशा अडकलेल्यांसाठीच बारा आणि चोवीस वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणारी आश्वासित प्रगती योजना होती. आमच्या बाबतीत तिचे शासन निर्णय २०१८-१९ मध्ये रद्द केले. ज्यांच्या सेवापुस्तकात नोंद झाली होती, त्यांच्या डोक्यावर वसुलीची टांगती तलवार आली. दिलेलं काढून घेतलं, हे कुणी लक्षातच घेत नाही.

सातव्या वेतन आयोगाचंही तेच. राज्य कर्मचाऱ्यांना तो १ जानेवारी २०१६ पासून मिळाला, आमच्या हातात प्रत्यक्ष पगार आला नोव्हेंबर २०२० पासून. मधले ५८ महिने. २०२३ च्या संपाच्या मागणीपत्रात हा फरक होता, आश्वासित प्रगती होती, जुनी पेन्शन होती, रिक्त पदं होती, आणि १,४१० विद्यापीठीय कर्मचारी तर असे होते की ज्यांना सातवा आयोग लागूच झाला नव्हता.

आता “परीक्षेच्या तोंडावर” याबद्दल. माझा विभाग पूर्वी नऊ जणांचा होता, आता चौघांचा आहे, त्यातली दोन मुलं एजन्सीची. पेपर अकराचा असेल तर प्रश्नपत्रिका ऑनलाइन येते ती तासभर आधी. पासवर्ड टाकायचा, छापायची, ब्लॉकप्रमाणे मोजून पाकिटं करायची. दोन झेरॉक्स मशीन आहेत, त्यातलं एक हमखास कागद अडकवतं. मार्चमध्ये एकदा अकराला सात मिनिटं कमी असताना ते मशीन बंद पडलं आणि उरलेल्या चाळीस प्रती मी शेजारच्या ऑफिसातून, अनवाणी धावत जाऊन काढून आणल्या. चपलेचा पट्टा जिन्यात तुटला होता. ती पोरं वेठीस धरली गेली नाहीत, कारण आम्ही होतो. मग जूनमध्ये निवेदन दिलं तर ते घेऊन चहा पाजून परत पाठवणारं सरकार आमचं ऐकणार कधी? २०२३ मध्येही आधी २ फेब्रुवारीला परीक्षांवर बहिष्कार टाकला, पुढे मधल्या सुट्टीत निदर्शनं केली, काळ्या फिती लावल्या, एक दिवसाचा लाक्षणिक संप केला, आणि मग २० तारखेपासून बेमुदत. एका रात्रीत कुणी उठून कुलूप लावलं नाही.

फी भरणारा बाप

ते माझंच लिखाण, आणि मी त्यावर ठाम आहे.

ताई, तुम्ही धावलात, मान्य. पण माझी मुलगी त्या फेब्रुवारीत पहाटेच्या एसटीने केंद्रावर पोचली आणि तिथे गेटवर कळलं की पेपर पुढे गेलाय. पुढची तारीख माहीत नाही. वसतिगृहाची खोली सोडायची की ठेवायची तेही कळेना. शेवटी एका महिन्याचं भाडं आणि मेसचे पैसे जादा भरले. माझं किराणा दुकान आहे, मला कुठला आयोग लागू होत नाही.

आणि खिडकीबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. गुणपत्रिकेवर आईच्या नावात एक काना जास्त पडला होता. तो काढायला मी सत्तर किलोमीटरवरून चार खेपा केल्या. पहिल्यांदा “साहेब रजेवर”, दुसऱ्यांदा “प्रतिज्ञापत्र आणा”, तिसऱ्यांदा “हे नाही, दुसऱ्या नमुन्यातलं”, चौथ्यांदा साडेबारा वाजले होते. चूक तुमची, खेपा माझ्या.

सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत हक्क नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच तमिळनाडूच्या प्रकरणात सांगितलंय. आणि राज्याच्या महसुलातला निम्म्याहून जास्त पैसा पगार, पेन्शन आणि व्याजात जातो. रस्ते कशातून करायचे?

तासिकावाला

या धाग्यात बोलायचं नव्हतं, पण “पंचवीस वर्षांत एकच पायरी” वाचलं आणि राहवलं नाही. मला पायरीच नाही.

प्राध्यापकपदाची नेट परीक्षा पास आहे, पीएचडी आहे, अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. वर्षातले सात-आठ महिनेच काम, दिवाळीच्या सुट्टीचा पैसा नाही, आणि झालेल्या तासांचं बिल निघतं ते पुढच्या सत्रात. माझ्याच वर्गात शिकलेला मुलगा पूर्णवेळ सहायक प्राध्यापक झाला, मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू. आणि कॉलेजातल्या शिपायाला माझ्यापेक्षा जास्त मिळतात. नेट-पीएचडीवाल्यापेक्षा घंटा वाजवणाऱ्याला जास्त! आधी हा अन्याय दूर करा, मग ५८ महिन्यांचा हिशेब काढा.

ब्युरेट

घंटा वाजवणारा? सर, शब्द मागे घ्या.

मी रसायनशास्त्राचा प्रयोगशाळा परिचर. तुमची बॅच अकराला येते, मी साडेआठला. वीस ब्युरेट धुवायच्या, गळणाऱ्या तोट्यांना व्हॅसलिन लावायचं, द्रावणं करून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. डाव्या हाताच्या दोन बोटांची कातडी आम्लाने गेली ती परत नीट आलीच नाही. सर्व्हिसला लागलो तेव्हा हातमोजे मागितले, तर हेडक्लार्क म्हणाले की ती खरेदी पुढच्या अंदाजपत्रकात घेऊ.

मी एस-१ मध्ये. सातव्या आयोगात ही श्रेणी १५,००० पासून सुरू होते, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं. तेवढ्यात दोन पोरांची शिक्षणं. तुमच्या ताटात कमी पडलं याचं मला वाईट वाटतं, मनापासून. पण ते माझ्या ताटातून गेलेलं नाही.

तासिकावाला

तुम्हाला उद्देशून नव्हतं.

ब्युरेट

मग कुणाला होतं? कॉलेजात घंटा वाजवणारा म्हणजे आम्हीच. स्टाफरूममध्येही हेच ऐकतो, फक्त तिथे दार लोटलेलं असतं.

तासिकावाला

घंटेचं वाक्य मागे घेतो. रागात लिहिलं. बाकीचं एक अक्षरही मागे घेत नाही. तुम्ही काळ्या फिती लावता तेव्हा तुमच्यामागे संघटना असते, सेवापुस्तक असतं. २०१३ मध्ये प्राध्यापकांनी परीक्षांवर बहिष्कार टाकला, तो मे महिन्यापर्यंत चालला. सहाव्या आयोगाची थकबाकी मागत होते, आणि बरोबर मागत होते. पण तेव्हाही तासिकावाल्यांचा मुद्दा सगळ्यात शेवटी. मी बहिष्कार टाकला तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरा उभा असतो. गेल्या वर्षी वडिलांच्या ऑपरेशनला चार दिवस गेलो, चार दिवसांचे तास गेले. नैमित्तिक रजा हा शब्द मी फक्त तुमच्या अर्जांवर वाचतो.

जुना हिशेबनीस

मी लेखा विभागातून निवृत्त झालो. १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप मी पाहिला, नोकरीत नवा होतो. घरात तांदूळ संपले होते आणि वडील बोलत नव्हते. त्यामुळे संप हौसेने होतो असं मला कुणी सांगू नये.

तासिकावाले सर, तुमची भांडायची जागा चुकतेय. तुमचं बिल का रखडतं ते मी सांगतो, कारण ती बिलं मी केली आहेत. अनुदान येतं टप्प्याने, कार्यभाराची तपासणी होऊन मान्यता यायला निम्मं सत्र जातं, आणि लेखा विभागात ते बिल करायला माणूस नसतो. माझ्या शेवटच्या वर्षी तीन टेबलांचं काम माझ्याकडे होतं. रिकामं टेबल आणि तुमचं रखडलेलं मानधन, दोन्हीचं मूळ एकच: भरती नको, नेमणूक नको, फक्त काम हवं.

पालकांना एक विचारतो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने पेपर ऑनलाइन तपासायला घेतले. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तरी निकाल त्यात लागले नाहीत, शेवटी कुलगुरूंना जावं लागलं. तेव्हा संप नव्हता. पोरांना वेठीस कुणी धरलं?

फी भरणारा बाप

माझ्या भाच्याचा निकाल त्यातच अडकला होता. पुण्यातला प्रवेश गेला. तो मुद्दा मला पटतो, आवडत नसला तरी.

आणि ५८ महिन्यांचं मला खरंच माहीत नव्हतं. मी दुकानातल्या पोराचे दोन महिने थकवले तर तो तिसऱ्या महिन्यात येणार नाही. पण खिडकीचं मी सोडणार नाही. तुमची जागा रिकामी आहे हे मला काचेपलीकडून कसं कळणार? मला दिसतं फक्त झाकण पाडलेलं.

टेबल क्रमांक चार

खिडकीबद्दल माझी चूक कबूल करते, वर लिहायला हवं होतं. दुरुस्तीचे अर्ज घेणारी बाई दीड वर्षापूर्वी निवृत्त झाली. आता ते काम दुपारपर्यंत माझ्याकडे, नंतर मी पेपरच्या गठ्ठ्यांना बसते, म्हणून झाकण पडतं. पण कोणता नमुना लागतो हे बाहेर मोठ्या अक्षरांत लावणं एवढं तर मी करू शकत होते. चार खेपा ही तुमची चूक नव्हती. आज कागद लिहून लावला.

फक्त “एजन्सीची पोरं निम्म्यात करतील” हे मागे घ्या, दादा. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने नऊ संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. राज्यभर पोरं चिडली आणि ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. तुमची मुलगी पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा तिला कोणती नोकरी हवी?

एजन्सीचा

ताई, मी त्या “पोरां”पैकीच एक, दुसऱ्या जिल्ह्यात. डेटा एंट्री. सगळे माझ्याबद्दल बोलताहेत म्हणून लिहितो.

संपाच्या दिवसांत तुम्ही सगळे बाहेर मंडपात होता आणि आत आम्ही दोघं. सुपरवायझरने सांगितलं होतं, गैरहजर राहिलात तर उद्या येऊ नका. संध्याकाळी बाहेर पडताना मंडपातल्या एकाने आम्हाला फितूर म्हटलं. तो रोज माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, आम्ही एकच फाइल करतो, त्याच्या सहीने आणि माझ्या टायपिंगने. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात समान कामाला समान वेतन म्हटलं, तो निकाल मी मोबाइलवर जपून ठेवलाय. पण मी विद्यापीठाचा नाही, एजन्सीचा, म्हणून तो कुणापुढे ठेवायचा तेच कळत नाही.

तुमच्या मागणीपत्रात आमची एक ओळ होती का?

टेबल क्रमांक चार

रिक्त पदं भरा, एवढीच होती. तुमच्या नावाची नव्हती. आणि फितूर म्हणणाऱ्याच्या वतीने मला माफी मागता येत नाही, पण मी तिथे असते तर गप्प बसले नसते.

आमच्या संघटनेची बैठक रविवारी आहे. एकच मुद्दा पहिला घालायचा तर कोणता घालू?

एजन्सीचा

पगाराची चिठ्ठी. दर महिन्याला खात्यावर वेगळा आकडा येतो. पीएफचं किती कापलं आणि एजन्सीने स्वतःला किती ठेवलं, तीन वर्षांत एकदाही कुणी लिहून दिलेलं नाही.

जुना हिशेबनीस

हजेरीचा महिना आणि जमा झालेली रक्कम, पहिल्या महिन्यापासून वहीत उतरवून ठेव. पासबुक भरून घे. रविवारच्या बैठकीला मीही येतो. ताई, जागा कळवा.